शाकाहारी घराची किराणा यादी: डब्यात काय असावे, किती असावे

"आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. बाहेरचे फारसे खात नाही. घरी साधे वरण-भात, पोळी-भाजी असते." हिमोग्लोबिन कमी निघालेले, मधुमेहाचे नव्याने निदान झालेले किंवा पायांना मुंग्या येतात म्हणून आलेले कितीतरी रुग्ण मला असे सांगतात. ते खरेच असते. तरीही रिपोर्ट बिघडलेला असतो आणि "मग आमचे चुकले कुठे?" हा त्यांचा प्रश्न रास्त असतो.

अशा वेळी मी दिवसभरात काय खाल्ले हे विचारत बसत नाही. गेल्या महिन्यात वाण्याकडून काय काय आणि किती आणले, एवढेच विचारते. घरात सामान आणणारी व्यक्ती आठवून सांगू लागते: गहू पंधरा किलो, तांदूळ दहा किलो, साखर चार किलो, तेल पाच लिटर, तूरडाळ दोन किलो, मूगडाळ अर्धा किलो, मटकी अर्धा किलो, मग रवा, पोहे, साबुदाणा, मैदा, बिस्किटांचे पुडे, फरसाण. चार माणसांच्या घराची ही अगदी नेहमीची यादी आहे. यात वाईट म्हणावे असे फार थोडे आहे. अडचण आहे ती प्रमाणात. पंचवीस किलो धान्याच्या समोर डाळी आणि कडधान्ये मिळून जेमतेम तीन किलो आहेत.

म्हणून या लेखात 'सुपरफूड'ची यादी नाही. तुमच्या घरात आधीपासून असलेल्या डब्यांपैकी कोणता डबा मोठा करायचा आणि कोणता लहान, हे पाहू.

महिन्याचा हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. रोज सुमारे २००० कॅलरी लागणाऱ्या प्रौढ व्यक्तीसाठी तिच्यात साधारण असे प्रमाण दिले आहे: धान्ये २५० ग्रॅम, डाळी व कडधान्ये ८५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, शेंगदाणे-तीळ-सुकामेवा ३५ ग्रॅम आणि तेल-तूप मिळून २७ ग्रॅम.

याला चार माणसे आणि तीस दिवसांनी गुणा. धान्य ३० किलो, डाळी-कडधान्ये सुमारे १० किलो, दाणे आणि तीळ चार किलोंच्या आसपास, तेल-तूप सव्वातीन किलो. घरात लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर आकडे कमी होतील, शेतात राबणारे कोणी असेल तर वाढतील. पण तीन किलो धान्यामागे एक किलो डाळ हे गुणोत्तर लक्षात ठेवा. आपल्या यादीत ते बहुतेक वेळा आठ-नऊला एक असे असते.

दहा किलो डाळ हा आकडा ऐकून जवळपास प्रत्येक जण हसतो. "एवढी डाळ आम्ही तीन महिन्यांत खातो, डॉक्टर." म्हणून मी पहिल्या महिन्यात सहा किलो आणा म्हणते, पुढे आठ. यात फक्त वरणाची डाळ धरायची नसते, हेही सांगावे लागते. पिठल्याचे बेसन, इडलीतील उडीद, धिरड्याचे मूग, उसळीचे वाटाणे, भाजणीतील डाळी, मेतकूट, सांडगे हे सगळे त्यातच मोजायचे. असे मोजले की सहा किलो फार वाटत नाहीत.

प्रथिनांचा हिशेबही याच पद्धतीने करता येतो. निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला साधारण ५० ग्रॅम. डाळीत शंभर ग्रॅममागे २२ ते २४ ग्रॅम प्रथिने असतात. पण वाटीभर पातळ वरणात कोरडी डाळ जेमतेम २० ते २५ ग्रॅम असते. म्हणजे त्या वाटीतून पाचेक ग्रॅमच प्रथिने मिळतात. "रोज वरण असतेच की" असे म्हणणाऱ्या घरातही प्रथिने कमी पडतात ती यामुळे. वरण घट्ट करा किंवा दुसऱ्या जेवणात उसळ ठेवा. दोन्ही केलेत तर उत्तम.

डाळींचा डबा: सर्वांत मोठा

कोणती डाळ चांगली, असा प्रश्न हमखास येतो. प्रथिनांच्या बाबतीत तूर, मूग, मसूर, उडीद, हरभरा, चवळी, मटकी यांच्यात फार फरक नाही. म्हणून महाग डाळीच्या मागे लागू नका. ज्या महिन्यात जे स्वस्त ते जास्त आणा आणि आलटून पालटून खा. मसूर लवकर शिजते, संध्याकाळी कामावरून उशिरा येणाऱ्यांना ती सोयीची. कोकणातील घरांत कुळथाची पिठी आजही होते. देशावर तोच हुलगा. थंडीत ही पिठी आणि गरम भात असेल तर वेगळ्या वरणाची गरज नाही. अख्खी कडधान्ये आणि सालासकट डाळी यांत तंतू भरपूर असतात, त्यामुळे बद्धकोष्ठ असणाऱ्यांनी आणि मधुमेहींनी आठवड्यातील निम्मे दिवस तरी त्या वापराव्यात.

डाळीतील प्रथिनांत काही अमिनो आम्ले कमी असतात आणि नेमकी तीच धान्यात बऱ्यापैकी असतात. धान्यात कमी पडणारे लायसिन डाळीत भरपूर असते. वरण-भात, पिठलं-भाकरी, इडली, खिचडी ही जोड आपल्या स्वयंपाकात आधीपासून आहे. दोन्ही एकाच घासात असायला हवेत असे नाही, दिवसभरात मिळाले तरी चालते.

मोड आणण्याने कडधान्य पचायला सोपे होते, क जीवनसत्त्व वाढते आणि लोह शरीरात शोषले जाण्यातला अडथळा कमी होतो. प्रथिने मात्र त्यामुळे काही दुप्पट होत नाहीत. पावसाळ्यात मोड चिकट झाले किंवा आंबूस वास आला तर टाकून द्या. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांना मोड कच्चे देऊ नका, वाफवून द्या. राजमा मात्र कोणीही अर्धकच्चा खाऊ नये. तो रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, कुकरमध्ये पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा, नाहीतर उलट्या-जुलाब होऊ शकतात.

"डाळीने गॅस होतो" ही तक्रार खरी आहे. एकदम प्रमाण वाढवले तर होणारच. आठ-दहा तास भिजवणे, भिजवलेले पाणी बदलणे, हिंग-जिऱ्याची फोडणी आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू प्रमाण वाढवणे यांनी बहुतेकांचा त्रास कमी होतो. मुगापासून सुरुवात करा, छोले शेवटी.

आणखी एक गोष्ट मला वारंवार दिसते. युरिक अ‍ॅसिड थोडे वाढलेले निघाले की घरातले लोक त्या माणसाची डाळ, पालक, वाटाणा सगळे बंद करतात. मांसाहार, दारू आणि गोड शीतपेये यांचा गाउटशी जसा संबंध आढळतो, तसा तो डाळी आणि भाज्यांच्या बाबतीत आढळलेला नाही. मांसाहार न करणाऱ्याची डाळही काढून घेतली तर त्याच्या ताटात उरते काय? डॉक्टरांनी स्पष्ट सांगितल्याशिवाय डाळ बंद करू नका.

सोयाबीनबद्दल थोडे वेगळे लिहावे लागेल. महाराष्ट्र हे सोयाबीनच्या मोठ्या उत्पादक राज्यांपैकी एक, पण ते आपल्या स्वयंपाकघरात फारसे येत नाही, तेलाच्या गिरणीत जाते. यात प्रथिने इतर डाळींच्या दीडपट ते पावणेदोनपट असतात. तेल काढल्यावर बनणाऱ्या सोयाबीन वड्यांत तर शंभर ग्रॅममागे ५० ग्रॅमच्या आसपास. सोपा मार्ग म्हणजे दळणात घालणे: नऊ-दहा किलो गव्हात एक किलो सोयाबीन. आधी ते भाजून घ्या, म्हणजे उग्र वास जातो आणि पचनात अडथळा आणणारा घटकही निष्प्रभ होतो. पोळीच्या चवीत फारसा फरक जाणवत नाही. पुरुषांनी सोयाबीन खाऊ नये हा समज ऐकून काही जण घाबरतात, पण रोजच्या जेवणातील प्रमाणाने पुरुषांच्या संप्रेरकांवर परिणाम होत असल्याचे अभ्यासांत दिसलेले नाही.

धान्य: बदला, नुसते वाढवू नका

डाळी वाढवल्या की धान्य थोडे कमी व्हायला हवे, नाहीतर वजन वाढेल. जे धान्य आणाल त्यात निम्म्याच्या आसपास ज्वारी, बाजरी, नाचणी असावी. यात पांढऱ्या तांदळापेक्षा तंतू आणि खनिजे जास्त. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. इतर कोणत्याही रोजच्या धान्यात इतके नसते. दूध न पचणाऱ्यांच्या घरी नाचणीची भाकरी किंवा आंबील असलीच पाहिजे.

मधुमेहींना एक सूचना. "आता मी फक्त ज्वारीची भाकरी खातो" असे सांगणाऱ्या काहींची साखर जराही उतरलेली नसते, कारण भाकऱ्या तीन असतात आणि उसळ चमचाभर. ज्वारीतही पिष्ट आहेच. दीड भाकरी आणि दोन वाट्या भाजी-उसळ असे ताट लावा.

गव्हाचे पीठ गिरणीतून दळून आणत असाल तर ते बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकू नका. मैदा, शेवया, टोस्ट, खारी यांना महिन्याच्या यादीत कायमची जागा देऊ नये. पाहुण्यांपुरते वेगळे आणावे.

शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे

काही घरांत बदाम मोजून चार दिले जातात आणि शेंगदाण्यांकडे मात्र "पित्त होते" म्हणून पाहिले जाते. शेंगदाण्यात शंभर ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम प्रथिने आहेत, बदामांपेक्षा थोडी जास्तच, आणि किंमत काही पटींनी कमी. रोज मूठभर भाजलेले दाणे किंवा तेवढे कूट भाजी-कोशिंबिरीत पुरेसे आहे. बुरशी आलेले, काळपट, सुरकुतलेले किंवा कडू लागणारे दाणे मात्र निवडून फेका. बुरशीमुळे त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृताला घातक विष तयार होऊ शकते आणि ते भाजूनही पूर्ण जात नाही. पावसाळ्यात दाणे थोडे थोडे आणावेत.

न सोललेल्या तिळात कॅल्शियम भरपूर असते, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तिळात बरेच कमी. मासे न खाणाऱ्यांना ओमेगा-३ प्रकारची स्निग्धाम्ले मिळवण्याचा सहज मार्ग म्हणजे जवस. अख्खे जवस बहुधा न पचता तसेच बाहेर पडते, म्हणून भाजून कुटा. विदर्भ-मराठवाड्यात जवसाची आणि कारळ्याची चटणी घरोघरी होते. जेवणात रोज चमचा-दोन चमचे असू द्या, मीठ बेताचे घालून.

जे वाण्याकडे मिळत नाही: बी१२

शाकाहारी व्यक्तीने कितीही चांगले सामान भरले तरी एक गोष्ट त्यात नसते. बी१२ जीवनसत्त्व कोणत्याही धान्यात, डाळीत, भाजीत किंवा फळात खात्रीलायक प्रमाणात मिळत नाही. शाकाहाऱ्यांसाठी त्याचा नैसर्गिक स्रोत म्हणजे दूध, दही, ताक आणि पनीर. मोड आलेली कडधान्ये, आंबवलेली इडली किंवा स्पिरुलिना यांतून ते मिळते असे सांगितले जाते, त्यावर विसंबू नका. स्पिरुलिनात असते ते बरेचसे शरीराला न वापरता येणाऱ्या रूपात असते.

प्रौढाला रोज दोन-अडीच मायक्रोग्रॅम बी१२ लागते. शंभर मिलिलिटर दुधातून साधारण ०.३ ते ०.४ मायक्रोग्रॅम मिळते. आता तुमच्या घरचे दूध मोजा. दोन वेळच्या चहात मिळून माणशी शंभर मिलिलिटरही जात नाही. उरलेले मुलांना जाते आणि घरातल्या बाईच्या वाट्याला तर कित्येकदा फक्त चहाचेच येते. म्हणूनच ही कमतरता इतकी सर्रास आढळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यातील सुमारे दोनतृतीयांश गर्भवतींमध्ये बी१२ कमी होते. आईमधील या कमतरतेचा परिणाम पुढे मुलांच्या चयापचयावरही दिसतो, ही या अभ्यासातून पुढे आलेली महत्त्वाची बाब.

हातापायांना मुंग्या, अंधारात तोल जाणे, जीभ लाल आणि गुळगुळीत होणे, सतत थकवा, वाढता विसरभोळेपणा यांपैकी काही असेल तर रक्ततपासणी करून घ्या. मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असतील तर लक्षणे नसतानाही करा, कारण या औषधांनी बी१२ चे शोषण कमी होते. तपासणी न करता स्वतःच्या मनाने फक्त फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घेत राहू नका. त्याने हिमोग्लोबिन सुधारल्यासारखे दिसते, पण मज्जातंतूंचे नुकसान आतल्या आत चालूच राहू शकते. कमतरता निघाली तर ती गोळ्या किंवा इंजेक्शनने भरून काढावी लागते, नुसते दूध वाढवून भागत नाही. जे दूधही घेत नाहीत त्यांनी बी१२ ची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने कायम घ्यायला हवी.

ड जीवनसत्त्वही आहारातून फारसे मिळत नाही. अ आणि ड जीवनसत्त्व मिसळलेले दूध आणि तेल बाजारात आहे. पाकिटावर इंग्रजी 'एफ' अक्षर आणि अधिकचे चिन्ह पाहून ते घेता येते, पण कमतरता असेल तर तेवढे पुरणार नाही.

लोह आणि चहाची वेळ

बाजरी, चवळी, मसूर, पालेभाज्या, हाळीव यांत लोह आहे, पण वनस्पतींमधील लोह शरीर सहज घेत नाही. त्याला आंबट जोड लागते. उसळीवर लिंबू, जेवणात कच्चा टोमॅटो, पेरूची फोड किंवा आवळा असेल तर शोषण वाढते. चहा-कॉफीने ते घटते, म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको. पोह्यांबरोबरच चहा घेण्याची आपली सवय या दृष्टीने महागात पडते. भाजीसाठी लोखंडी कढई वापरा. गुळाने हिमोग्लोबिन वाढते असे समजून भरपूर गूळ खाणाऱ्यांना सांगावे लागते की खडाभर गुळातून मिळणारे लोह फार थोडे असते. साखर मात्र पुरेपूर मिळते. हिमोग्लोबिन दहाच्या खाली असेल तर आहाराबरोबर औषधही लागतेच.

उपवासाचा डबा

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिने नावालाच. आठवड्यातून दोन उपवास करणारी, मधुमेह असलेली व्यक्ती त्या दोन दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा खात असेल तर औषधाचा डोस बदलूनही साखर आटोक्यात येत नाही. राजगिरा अधिक चांगला, त्यात प्रथिने गव्हाइतकी किंवा जास्तच. राजगिऱ्याची भाकरी, भगर, दही, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर असा उपवास धर्मालाही चालतो आणि शरीरालाही. भगरीचे सुटे पीठ विकत घेऊ नका. दमट हवेत त्याला बुरशी लागून विषबाधा होऊ शकते. अख्खी भगर आणून, निवडून, घरीच दळा.

तेल, साखर, मीठ

तेल माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर, तूप-लोणी धरून. पाच लिटरचा डबा चौघांना महिनाभरातच संपत असेल तर तळण कमी करा. तेल कोणते, यापेक्षा किती, हा प्रश्न आधी सोडवा. शेंगदाणा, करडई, सोयाबीन, मोहरी यांत आलटून पालटून चालेल. वनस्पती तूप आणूच नका.

साखर आणि गूळ मिळून चौघांना तीन किलोंच्या आत ठेवा, आणि बिस्किटे, शरबत, मुलांच्या दुधात घालायच्या चॉकलेटी पुडी यांतील साखर त्यातच मोजा. या पुडींवर पौष्टिकतेचे कितीही दावे असले तरी घटकांची यादी वाचा. जो घटक वजनाने सर्वांत जास्त तो आधी लिहिलेला असतो. साखर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर दिसली तर पुडा परत ठेवा. 'मल्टिग्रेन' लिहिलेल्या बिस्किटाच्या यादीतही बहुधा पहिला मैदाच असतो.

मीठ आयोडीनयुक्तच वापरा. सैंधव आरोग्याला बरे म्हणून पूर्ण त्यावर गेलेल्या घरांना आयोडीन पुरेसे मिळत नाही. लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठ धरून दिवसाला माणशी चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅमपेक्षा कमी.

हा सल्ला जसाच्या तसा कोणी पाळू नये

मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डाळी वाढवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. प्रथिने, पोटॅशियम आणि फॉस्फरस यांचे प्रमाण आजाराच्या टप्प्याप्रमाणे ठरते आणि डायलिसिस सुरू झाल्यावर ते पुन्हा बदलते. बाजारातील 'कमी सोडियम' मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंड कमजोर असणाऱ्यांना आणि रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यांना ते धोकादायक ठरू शकते. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल तर पालेभाज्या बंद करायच्या नाहीत, पण प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखे ठेवायचे. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी. सोयाबीन, दूध, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यानंतर लगेच नको. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी धान्य एकदम निम्मे केले तर साखर फार खाली जाऊ शकते, म्हणून आधी डोसबद्दल बोलून घ्या.

पुढच्या भेटीला येताना औषधांच्या चिठ्ठीबरोबर गेल्या महिन्याचे किराण्याचे बिलही घेऊन या.